जुना नकाशा : आठवण की दप्तर?

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातील फार्महाऊसच्या आणि रिसॉर्टच्या भिंतींवर अलीकडे एक नवी शोभेची वस्तू दिसू लागली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा, ज्याला सगळे टोपोशीट म्हणतात, त्याची पिवळट प्रत काचेच्या चौकटीत बसवून टांगलेली असते. तपकिरी समोच्च रेषा, निळे ओढे, हिरवे जंगल, लाल ठिपक्यांची घरे. पाहुणे क्षणभर थांबतात, 'पूर्वी हे असं होतं' असा एक सुस्कारा टाकतात आणि जेवायला जातात. याच सुस्काऱ्याची लेखी आवृत्ती मराठी ललित लेखनात रुळली आहे. जुना नकाशा हाती आला की लेखकाला हरवलेला गाव सापडतो, आटलेला ओढा पुन्हा वाहू लागतो आणि लेख हळवेपणात विरघळतो. आम्ही मराठीचे अध्यापन करणारे लोक आहोत आणि असे लेख अभ्यासमंडळांपर्यंत पोहोचताना पाहत आहोत. म्हणून या प्रवृत्तीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : जुना नकाशा ही गावाची आठवण नव्हे, ते दप्तर आहे. आठवण गावाची असते. दप्तर ते लिहविणाऱ्याचे असते. दप्तराला आठवण समजून वाचले की ते कोणी, कशासाठी लिहविले आणि त्यात कोणाची नोंद कोणत्या शब्दांत झाली, हे प्रश्नच वाचकाच्या मनात उद्भवत नाहीत. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न पडत नसतील, तर आपण त्याला वाचन शिकविले असे म्हणता येणार नाही.

१

प्रत्यक्ष नकाशापासूनच सुरुवात करू. कर्जत, खालापूर, खोपोली आणि माथेरान ही चारही ठिकाणे एकाच शीटवर येतात. तिचा क्रमांक ४७ एफ/५. अक्षांशाची पंधरा मिनिटे आणि रेखांशाची पंधरा मिनिटे, एवढा तिचा आवाका. इंचाला एक मैल या प्रमाणाची जुनी शीट आणि दशमान पद्धतीनंतरची १:५०,००० प्रमाणाची शीट, दोन्हींचा क्रमांक तोच. या दुसऱ्या प्रमाणात जमिनीवरचे पाचशे मीटर कागदावर एक सेंटिमीटर होतात. चाळीस घरांची वाडी म्हणजे नखाच्या टोकाएवढी जागा.

आता समासातील चिन्हांची सूची वाचावी. कविता वाचताना आपण शब्दयोजनेकडे जसे पाहतो, तसेच. गावांची विभागणी 'वसलेले' आणि 'ओसाड' अशी आहे. झोपड्यांची विभागणी 'कायम' आणि 'तात्पुरती' अशी आहे. या दोन विशेषणांवर थांबावे. कुडाच्या भिंतीचे, गवताने शाकारलेले घर दर काही वर्षांनी नवे बांधावे लागते. पण त्यात राहणारे कुटुंब त्याच डोंगरावर पिढ्यान् पिढ्या असते. घर तात्पुरते म्हणून माणूस तात्पुरता, हे अनुमान सर्वेक्षकाने कुठेही लिहिलेले नाही. ते लिहिण्याची गरजच नव्हती. चिन्हांच्या सूचीनेच वाचकाच्या मनाची तशी तयारी करून ठेवली. याच शीटवर 'राखीव जंगल' अशी अक्षरे मात्र ऐसपैस अंतर सोडून, डोंगराच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पसरलेली असतात. वाडीला बिंदू आणि वनखात्याला विस्तार, ही टोपोशीटची वाक्यरचना आहे.

त्यानंतर नावे. 'ठाकुरवाडी' हे नाव या दोन तालुक्यांत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा भेटते. कारण ते नाव म्हणून जन्मलेलेच नाही. ठाकर लोकांची वाडी ती ठाकुरवाडी, असे खालच्या गावाने म्हणावे आणि कारकुनाने लिहून घ्यावे, अशी त्याची घडण आहे. वाडीतला माणूस स्वतःच्या वाडीला आपल्याच जातीच्या नावाने ओळखील, हे संभवत नाही. सगळेच ठाकर असताना त्या नावाने काय वेगळे कळणार? शिवाय समाज स्वतःला बहुधा 'ठाकर' म्हणवतो; 'ठाकूर' हे दप्तरी रूप. त्यातही 'क ठाकूर' आणि 'म ठाकूर' हे भेद आहेत आणि त्या भेदांना लग्नव्यवहारापासून बोलीपर्यंत अर्थ आहे. शीटवर यांतले काहीच नाही. रोमन लिपीत नाव उतरविताना ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल हे भेद पुसले जातात, ही त्यावरची आणखी एक पुटी. मराठी ध्वनिविचार शिकविणाऱ्यांनी तरी या पुसटपणाकडे रम्य जुनेपणा म्हणून पाहू नये.

एक ठाकुरवाडी मात्र सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. पळसदरीहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या लोहमार्गावर जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी रेल्वेची तांत्रिक ठाणी लागतात. बोरघाटातील हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. रेल्वेच्या कागदांत ठाकुरवाडी हे सिग्नलचे आणि गाडीच्या सुरक्षेचे ठिकाण आहे. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या पिढ्यांनी ते नाव पिवळ्या पाटीवर वाचले आणि वडापावाच्या स्वप्नात पुढे गेल्या. ज्या वाडीवरून नाव घेतले, त्या वाडीविषयी त्या पाटीवरून काहीही कळत नाही. शीटवरच्या नावाचेही तेच आहे.

२

जुन्या नकाशाच्या चाहत्यांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या शीटच्या दुर्मीळपणाचे त्यांना कौतुक वाटते, ती दुर्मीळ का झाली? कित्येक दशके देशाच्या सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातील तपशीलवार नकाशे सर्वसामान्यांसाठी बंद होते. कर्जत-खालापूर त्याच पट्ट्यात येते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि लोकांसाठी दुसरी अशा दोन मालिका केल्या. लोकांच्या मालिकेतून संवेदनशील ठिकाणे वगळण्यात आली. सर्वेक्षण विभागाला अडीचशे वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, ही खुली मालिका संगणकावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली, तीही आधार क्रमांक दिल्यावर. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यावरची बंधने बरीच सैल केली.

म्हणजे ज्यांच्या घरांचे ठिपके शीटवर होते, त्यांना ती शीट पाहण्याची मुभा नव्हती; आणि मुभा आली तोपर्यंत जुनी शीट शोभेच्या वस्तूंच्या बाजारात पोहोचली होती. गुप्त कागदाचे थेट पुराणवस्तूत रूपांतर झाले. मधली अवस्था, म्हणजे लोकांनी रोज वापरावयाचा कागद, ही आलीच नाही. भिंतीवरच्या काचेआड हा इतिहास आहे. तो न सांगता केवळ पिवळ्या रंगाचे वर्णन करणाऱ्या लेखाला आम्ही रसग्रहण म्हणू शकत नाही.

३

आता या भूमीचे दुसरे, कमी रम्य नाव घेऊ : ही ऊर्जेच्या वाहतुकीची भूमी आहे. विहिरी खोदून तेल काढावे अशी ही जागा नव्हे. पण मुंबई आणि घाटमाथा यांच्यामध्ये सापडल्यामुळे शहराला जे काही जाळावयाचे किंवा पेटवावयाचे असते, ते या दोन तालुक्यांच्या आसपासच्या पट्ट्यातून वाट काढते. प्रथम पाणी आले. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी लोखंडी नळांतून खाली सोडायचे आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ही रचना होती. घाटमाथ्यावर धरणांनी काय बुडविले, हे मुळशीच्या सत्याग्रहाने १९२१ पासून जगासमोर मांडले. शीटवर मात्र तलाव म्हणजे एक सुरेख निळा डाग.

मग तेल आणि वायू आले. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडले, उरणला ते उतरवून घेण्याचा आणि वायू वेगळा करण्याचा प्रकल्प उभा राहिला, आणि रायगड जिल्ह्याच्या जमिनीखालून नळवाहिन्यांचे जाळे पसरू लागले. मुंबईहून पुण्याकडे पेट्रोल-डिझेल वाहून नेणारी वाहिनी सह्याद्री ओलांडते. दहेज-उरण-पनवेल-दाभोळ ही वायूवाहिनी जिल्ह्यातून दक्षिणेकडे जाते. शेताच्या बांधावर क्रमांक घातलेला खांब आणि 'खोदू नका' अशी पाटी दिसली की समजावे, खालून कोणाची तरी ऊर्जा चालली आहे.

या वाहिन्यांचे व्याकरण १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज नळवाहिनी कायद्यात सापडते. त्यातला कळीचा शब्दप्रयोग 'वापराचा हक्क' हा आहे. जमीन तुमचीच राहते, सरकार ती घेत नाही. घेते तो फक्त तिच्या पोटातून नळ नेण्याचा हक्क. पण त्या पट्ट्यावर मालकाने इमारत बांधायची नाही, विहीर किंवा तळे खणायचे नाही, झाड लावायचे नाही. प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई वेगळी. या हक्काबद्दल मिळतो तो जमिनीच्या बाजारभावाचा दहावा हिस्सा. राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घ्यावी लागते. डोंगरावरच्या वाडीत राजपत्र वाचले जाते, अशी कायद्याची समजूत आहे. कायदा मालकाबरोबर 'हितसंबंधित' व्यक्तीचाही उल्लेख करतो. पण हितसंबंध दाखवायला कागद लागतो, आणि ठाकर व कातकरी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या कसलेल्या दळी जमिनींचा कागद बहुधा वनखात्याकडे. तो मिळविण्यासाठीचे दावे २००६ च्या वनहक्क कायद्यापासून चालू आहेत. जमिनीवर तात्पुरती झोपडी आणि जमिनीखाली कायमचा नळ, अशी ही भाषा आहे.

येथे तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तेथील भूसर्वेक्षण संस्थेचे जुने स्थलनिर्देशक नकाशे पूर्वीपासून कोणालाही विकत मिळत आणि आता संगणकावर फुकट मिळतात. तेलाच्या प्रदेशांतील शीटवर विहिरींची बारीक काळी वर्तुळे छापलेली असतात. तेथेही हे नकाशे चौकटीत घालून टांगण्याची हौस आहेच. पण २०२४ च्या अखेरीस लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कॅलिफोर्निया आणि ओक्लाहोमामधील चार परगण्यांचे जुने नकाशे यंत्राकरवी वाचून १,३०१ अशा संभाव्य विहिरी दाखविल्या, ज्यांची सरकारी नोंद नव्हती आणि ज्यांचा वाली कोणी उरलेला नव्हता. अशा बेवारस विहिरींतून मिथेन गळतो, पाणी नासते. जुना नकाशा तेथे पुरावा म्हणून कामी आला. कारण तो लोकांच्या हातात होता, आणि कारण कोणीतरी त्याच्याकडे आठवण म्हणून न पाहता दप्तर म्हणून पाहिले.

४

आमच्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला असा की, हा भूगोलाचा आणि समाजशास्त्राचा विषय. साहित्याच्या वर्गाशी त्याचा संबंध काय? संबंध असा की, या भूमीवर मराठी साहित्याने हक्क सांगितलेला आहे. खोपोलीजवळ शेती करून राहिलेल्या र. वा. दिघ्यांच्या 'पाणकळा', 'सराई' या कादंबऱ्या आपण प्रादेशिक कादंबरीच्या पहिल्या पानांवर शिकवतो. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'मुळे आणि १९७७ च्या तिच्या चित्रपटामुळे ठाकरवाडी हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचला. या कृतींचे मोल आम्ही कमी लेखत नाही. आमचे भांडण समीक्षेशी आहे. 'निसर्गाची पार्श्वभूमी', 'प्रदेशाचे रंग', 'आदिम जीवनाची लय' अशा शब्दांनी या कृतींवर लिहिल्या गेलेल्या टिपणांत डोंगर आहे, पण तो कोणाच्या ताब्यात आहे हे नाही. ओढा आहे, पण त्याचे पाणी कोठे जाते हे नाही. प्रदेशाला पार्श्वभूमी म्हणणारी समीक्षा आणि वाडीला बिंदू करणारी टोपोशीट यांच्यात मोठे अंतर आहे असे आम्हांला वाटत नाही. दोघींनाही दुरून पाहण्याची सवय आहे.

दुसरा आक्षेप अधिक मृदू आहे. माणसाला हळवे होण्याचा हक्क नाही काय? अवश्य आहे. पण जो ज्याचे हरवले त्याने त्यासाठी हळवे व्हावे. दुसऱ्याचा डोंगर विकत घेऊन त्याच डोंगराच्या जुन्या नकाशापुढे उसासे टाकणे, याला हळवेपणा म्हणावे की मालकीहक्काची सजावट, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. नळवाहिन्या, वीजगृहे यांचे तपशील सर्वांना उपलब्ध झाले तर घातपात होईल, असे सांगितले जाते. ही भीती खोटी नाही. पण घातपात करणाऱ्याला बांधावरचा खांब दिसतोच. नकाशावाचून अडते ते वाहिनीलगत राहणाऱ्याचे. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे वायूवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे जळून मेली. अशा ठिकाणी वाहिनी कोठून जाते, गळती झाली तर कोणत्या बाजूला पळायचे, हे ज्ञान वाहिनीच्या मालकापेक्षा शेजाऱ्याला अधिक लागते.

५

आणि ज्याला ही सारी शब्दांची लढाई वाटते, त्याने इर्शाळवाडी आठवावी. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या अंगावरची ही ठाकर वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. वस्ती सुमारे सव्वादोनशे माणसांची. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावाची माणसे पावसात, अंधारात, पायवाटेने वर चढली. यंत्रे वर नेता आली नाहीत, हातांनी माती उपसावी लागली. २३ जुलैला शोध थांबविण्यात आला तेव्हा सत्तावीस मृतदेह हाती आले होते आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच सांगितले.

यादीत का नव्हती, याचे भूशास्त्रीय उत्तर तज्ज्ञ देतील. आम्ही भाषेच्या बाजूने एवढेच म्हणू की, यादी 'गावां'ची असते आणि वाडी हे महसुली गाव नसते. जनगणनेतही तिचे आकडे मूळ गावात मिसळलेले असतात. इर्शाळगड हा किल्ला गिर्यारोहकांच्या नकाशांत, पुस्तकांत, प्रवासवर्णनांत कधीपासून नाव मिळवून होता. त्याच्या कुशीतल्या माणसांची दखल मात्र त्या रात्रीनंतर घेतली गेली. दप्तरात ज्याला स्वतंत्र नाव नाही, त्याच्यासाठी धोक्याची सूचनाही स्वतंत्रपणे निघत नाही. नावाचा प्रश्न हा नाजूक साहित्यिक प्रश्न आहे असे मानणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मग करावयाचे काय? आमची सूचना साधी आहे. कर्जत, खोपोली, पनवेल या परिसरातील मराठी विभागांनी ४७ एफ/५ ची खुली शीट वर्गात आणावी आणि ती संहिता म्हणून शिकवावी : तिची चिन्हे, तिची अक्षरांची लहानमोठी मापे, तिचे मौन. त्यानंतर विद्यार्थ्यांनी ती घेऊन वाड्यांवर जावे. या विद्यार्थ्यांत ठाकर आणि कातकरी मुलेमुलीही आता आहेत. या कामात ती माहिती देणारी नसावीत, संपादक असावीत. प्रत्येक पाणवठ्याला, खाचराला, चढाला, देवाच्या झाडाला वाडीत कोणते नाव आहे ते वाडीच्या संमतीने, वाडीच्या उच्चाराने, देवनागरीत लिहावे. जे नाव बाहेर सांगावयाचे नाही असे वाडी म्हणेल, ते लिहू नये. नळवाहिनीचे खांब, वनखात्याचे दगड, फार्महाऊसची कुंपणे आणि पावसाळ्यात जेथून माती सुटते त्या जागाही त्याच कागदावर याव्यात. एक प्रत वाडीत राहावी, एक ग्रामपंचायतीत, एक महाविद्यालयात. चार ठाकुरवाड्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतील एवढे जरी या कामातून साधले, तरी संकटाच्या वेळी मदतीला निघालेल्या गाडीला नेमके कोठे जायचे ते कळेल.

असा नकाशा भिंतीवर शोभणार नाही. त्यावर खाडाखोड असेल, दोन वाड्यांचे एकाच ओढ्यावरून मतभेद असतील, काही जागा मुद्दाम कोऱ्या सोडलेल्या असतील. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत त्याला कोणत्या सदरात गुण द्यावे, यावर अभ्यासमंडळात वाद होतील. ते वाद व्हावेत अशी आमची इच्छा आहे. निदान तेवढ्या निमित्ताने तरी प्रदेश हा पार्श्वभूमी आहे की पुरावा, हा प्रश्न मराठीच्या वर्गात विचारला जाईल.